तिकीट न काढता थीम पार्कच्या रिसॉर्टवर दोन दिवस

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत नाशिकची जाऊबाई, भाऊजी आणि त्यांची तीन मुलं आमच्याकडे ठाण्याला आली. नौपाड्यातल्या वन बीएचकेत नऊ माणसं झोपवायची म्हणजे शेवटच्याचं अंथरूण ओट्याखाली. म्हणून नवऱ्याने घोडबंदर रोडकडच्या एका थीम पार्कच्या रिसॉर्टवर दोन रात्रींसाठी तीन खोल्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट खिडकीपाशी सासूबाईंनी मान वर करून बघितलं, तर एक पाळणा माणसांना उलटं धरून हवेत थांबलेला.

"एवढे पैसे मोजून उलटं टांगून घ्यायचं? मी नाही बाई. मी आपली खोलीत बसते."

माझ्या पाठीचा मणका सरकलेला, रिक्षा खड्ड्यातून गेली तरी देवाचं नाव घेते. मीही त्यांच्याबरोबर मागे फिरले. सात तिकिटं काढली, दोन वाचली. संध्याकाळी सातही जण भिजून, उन्हाने रापून, एकमेकांवर चिडून परत आले तेव्हा आम्ही दोघी पोहून, झोपून, भजी खाऊन तयार बसलो होतो. तेव्हापासून हा प्रकार मी आणखी तीनदा केलाय. एकदा तर पार्कात जाणारं कोणीच बरोबर नव्हतं, फक्त आम्ही दोघी. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला लोक हे कधीचं करतात म्हणे. तिथे पार्कचं तिकीट नसलं तरी मोनोरेलमधून हॉटेलं बघत फिरता येतं, डिस्ने स्प्रिंग्जला जाऊन जेवता येतं. आपल्याकडे मात्र "पार्कात नाही जायचं मग तिथे कशाला जायचं" हा प्रश्न आधी येतो, तोही बुकिंग घेणाऱ्याच्याच तोंडून.

कोणी करावं

पाठ, गुडघे, बीपी, हृदयाचा त्रास, गरोदरपण, कडेवरचं बाळ. मोठ्या राइड्सपाशी ज्यांना बसू नका म्हणून पाट्या लावलेल्या असतात ते सगळे. उंचीच्या पट्टीत न बसणारी मुलं आणि त्यांच्याबरोबर बाहेर उभे राहणारे आईबापही. यातलं काहीच नसून नुसता कंटाळा येत असेल तरी चालतं, डॉक्टरचं सर्टिफिकेट कोणी मागत नाही.

एक गैरसमज आधी काढून टाका. "मी राइडमध्ये बसणार नाही, फक्त मुलांबरोबर आत येते" असं म्हटलं तरी बऱ्याच पार्कांत प्रवेशाचे पैसे पडतातच. ज्येष्ठांना थोडी सवलत असते एवढंच. आत जाऊन दिवसभर सगळ्यांच्या चपला आणि बॅगा सांभाळायच्या, त्यासाठी तिकीट काढायचं, हे मला कधी पटलं नाही.

कुठे

ठाण्यातल्या ठाण्यात राहण्याची सोय असलेलं पार्क म्हणजे मानपाड्याची टिकुजीनी वाडी. नावातला "नी" गुजराती आहे, आपल्याकडच्या "ची"सारखा. नवख्यांना त्याचं कोडं पडतं, पण रिक्षावाल्याला अर्धं नाव सांगितलं तरी पुरतं. मागे येऊरचे डोंगर, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू.

लांब जायचं असेल तर खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका आहे. २०१३ साली सुरू झालं, आणि त्याला लागूनच नोव्होटेल आहे. तिथे तिकीट न काढता दोन दिवस सहज जातात, कारण अष्टविनायकांतले दोन गणपती जवळ आहेत, महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. पालीला आधी मागच्या धुंडीविनायकाचं दर्शन घ्यायची रीत आहे, ती पाळा. इतिहासाची आवड असेल तर उंबरखिंड गाठा. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज तिथे कोंडीत पकडली होती. पण पहिल्यांदाच करून बघत असाल तर ठाण्यातच करा. नाही जमलं तर तासाभरात आपल्या घरी, आपल्या पलंगावर.

बुकिंगच्या फोनवर काय विचारायचं

ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला प्रश्न पोहण्याच्या तलावाचा. "तुमचा स्विमिंग पूल हॉटेलचा वेगळा आहे, की वॉटर पार्कच्या आत?" आत असेल तर तिकिटाशिवाय पाण्यात पाय घालता येणार नाही. फोटोत निळं पाणी दिसतं, कुंपण दिसत नाही. लगेच पुढचा प्रश्न कपड्यांचा. सुती कपड्यांचे धागे सुटून पाण्याच्या फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून बहुतेक ठिकाणी नायलॉनचाच पोशाख लागतो. सासूबाईंसाठी पायघोळ पँट आणि पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा पोशाख मी आधीच घेऊन ठेवला. भाड्याचा मिळतो, पण आपल्या मापाचा मिळेल याची खात्री नाही, आणि भाड्याचा पोशाख या विषयावर आमच्या घरात एकमत आहे.

दुसरा प्रश्न पॅकेजचा. पार्कसकट खोली गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. ठामपणे "नुसती खोली आणि नाश्ता" म्हणा. हॉटेलवाल्यांच्या भाषेत त्याला सीपी म्हणतात. ईपी म्हणजे नुसती खोली, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे तिन्ही वेळा खाणं. आपल्याला सीपीच बरं, कारण संध्याकाळी आपण तिथे असणारच नाही. का ते पुढे येईल. पहिल्या खेपेला आम्ही तिन्ही खोल्या एपीवर घेतल्या आणि दोन रात्रींच्या जेवणाचे पैसे भरून दोन्ही रात्री बाहेर जेवलो.

तिसरा प्रश्न खास ठाणेकरांसाठी. "आधार कार्डावर ठाण्याचाच पत्ता आहे, चालेल ना?" काही हॉटेलं त्याच शहरातला पत्ता असलेल्या पाहुण्यांना खोली देत नाहीत. एका ठिकाणी आम्ही सामानसुमान घेऊन काउंटरवर उभे आणि तो मुलगा आधार कार्ड उलटंपालटं करून बघतोय. "मॅडम, लोकल आयडी है।" सासूबाईंनी त्याला शुद्ध मराठीत विचारलं की बाळा, शहात्तर वर्षांची बाई इथे काय पळून आली आहे का? खोली मिळाली. पण तुमच्याबरोबर आमच्या सासूबाई नसणार, तेव्हा फोनवरच विचारून मेसेजमध्ये लेखी घ्या.

भाड्यावरचा जीएसटीही विचारून ठेवा. सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के लागतो. ७,६०० ची खोली ७,४०० ला मागून बघा. दोनशेची घासाघीस करून एकूण बिलात हजाराच्या वर फरक पडतो.

खोली कुठल्या बाजूची हे सांगायला विसरू नका. डोंगराकडची मागा. टिकुजीनी वाडीपासून राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून थेट बोरिवलीच्या मागाठाण्यापर्यंत दुहेरी बोगद्याच्या ११.८ किलोमीटर मार्गाचं काम निघालंय, त्यामुळे त्या भागात डंपरची ये-जा असते. आणि घोडबंदर रोडवर रात्री अवजड वाहनं सुटली की रस्त्याकडच्या खिडकीचं तावदान पहाटेपर्यंत थरथरतं.

दिवस

शाळा चालू असताना मंगळवार-बुधवार. दुसरी पसंती पावसाळा, डोंगर हिरवागार असतो आणि खोल्या स्वस्त. जोराच्या पावसात राइड बंद पडल्या तर तिकीट काढलेल्यांचं तोंड उतरतं, आपण आपले गॅलरीत. मे महिना आणि नाताळचा आठवडा टाळा.

घड्याळ उलटं लावा

या सुट्टीची सगळी गंमत एवढ्यात आहे. पार्कचं रिसॉर्ट पार्कच्या वेळापत्रकावर चालतं. सगळे एकदमच नाश्ता करतात, एकदमच बाहेर पडतात, एकदमच परत येतात. तुम्ही फक्त त्यांच्या उलट वागायचं.

पार्कवाली मंडळी गेट उघडायच्या आत पोचायचं म्हणून नाश्त्याला लवकर गर्दी करतात. तेव्हा तुम्ही खोलीतच चहा घ्या. नाश्ता किती वाजता बंद होतो ते आदल्या रात्री विचारा आणि त्याच्या पाऊण तास आधी खाली उतरा. कलिंगडाच्या फोडी संपलेल्या असतील, पण डोसेवाला मोकळा असतो. आमचा तो उडुपीकडचा मुलगा गर्दीत एका तव्यावर सहा डोसे घाईघाईने लोटत होता. आम्ही गेलो तेव्हा त्याने तवा पुसला, पाणी शिंपडलं, कांदा चोळला आणि सासूबाईंना विचारलं, "आजी, कडक की मऊ?" त्यांनी मऊ सांगितला, मग मन बदलून कडकही सांगितला.

साधारण साडेदहा-अकरापर्यंत रिसॉर्ट रिकामं होतं. लिफ्ट लगेच येते. तलावात एखादं बाळ आणि त्याचे बाबा सोडले तर कोणी नसतं. पाणी अजून गार, आणि तळ दिसेल इतकं स्वच्छ. सासूबाई पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते पाय हलवत होत्या. दुसऱ्या दिवशी कठड्याला धरून कमरेएवढ्या पाण्यात इकडून तिकडे चालल्या. गुडघ्यांना पाण्यात वजन जाणवत नाही, हे त्यांना फिजिओथेरपीवाला वर्षभर सांगत होता. कुंपणापलीकडून राइडची साखळी वर चढतानाचा कडकड आवाज येतो, मग क्षणभर शांतता, मग शंभर माणसांची एक किंकाळी. तासाभराने आपल्याला ते समुद्राच्या लाटांसारखं वाटायला लागतं. एकदा त्या किंकाळीत आपल्याच नातवाचा आवाज आहे अशी सासूबाईंची खात्री पटली आणि त्यांनी बसल्याजागी रामरक्षा म्हटली.

दुपारचं जेवण हलकं ठेवा. मग झोपा, खरंच झोपा. घरी दुपारी झोपलं की चारदा बेल वाजते.

गॅलरीचं दार मात्र लावून झोपा. डोंगर मागेच असल्याने माकडं येतात. एकदा मी चिवड्याचा डबा टेबलावर ठेवून आत वळले, तेवढ्यात एक लालतोंड्या कठड्यावर. त्याने डबा मांडीवर घेतला, झाकण फिरवून व्यवस्थित उघडलं, शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेचून खाल्ले आणि पोहे खाली सांडून टाकले. आमचा धाकटा पुतण्या चिवडा असाच खातो. माकडांना मुद्दाम काही घालू नका, त्यांना सवय लागते आणि पुढच्या पाहुण्यांना त्रास होतो. त्याच डोंगरात बिबटेही आहेत, तेव्हा अंधार पडल्यावर जंगलाकडच्या कुंपणालगत शतपावली नको, लहान मुलांना तर एकटं अजिबात सोडू नका. दिवसाउजेडी बसलात तर तांबट पक्ष्याचा ठोक्यासारखा आवाज सतत येतो, आणि नशीब असेल तर भारद्वाज दिसतो. सासूबाईंच्या मते तो दिसला की दिवस चांगला जातो. त्या दिवशी त्या रमीत जिंकल्या.

चारला चहा आणि भजी. साडेपाचच्या सुमाराला लोंढा परत येतो. ओले, भुकेले, प्रत्येकाला एकाच वेळी गरम पाणी आणि बटाटेवडा हवा असतो. तलाव भरतो, लिफ्ट अडते, आठ वाजता जेवणाच्या रांगेत ताटं घेऊन माणसं उभी. त्याच्या आत, पाचच्या ठोक्याला, तुम्ही रिक्षात बसलेल्या असायला हव्यात.

संध्याकाळी कुठे

कामाच्या दिवशी संध्याकाळची वाहनं ठाण्याकडून घोडबंदरकडे येत असतात. आपण उलट्या दिशेने, ठाण्याकडे निघायचं आणि साडेनवानंतर परतायचं. तरी कापूरबावडी आणि माजिवड्याला थोडं अडकायला होणारच.

माझी पहिली पसंती नाटकाला. डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह रिसॉर्टपासून रिक्षाने अगदी जवळ. बुकिंग करतानाच त्या दोन दिवसांचे प्रयोग बघून ठेवा. कधीकधी मी नाटक आधी ठरवते आणि खोली नंतर. बाहेरगावच्या पाहुण्याला यापेक्षा चांगली संध्याकाळ मला दाखवता येत नाही. मध्यंतरात वडा आणि चहा, परतताना रस्ता मोकळा. शहरात जायची तयारी असेल तर तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन आहेच, त्याच्याबरोबर कोपिनेश्वराचं दर्शन आणि मासुंदा तलावाभोवती एक फेरी होते.

काहीच ठरवायचं नसेल तर उपवन तलाव. येऊरच्या पायथ्याशी आहे, बाकावर बसून माणसं बघायची. येऊरला वर जायचं तर सकाळी जा, वनखात्याच्या नाक्यावरून प्रवेश असतो.

मुक्कामात रविवार येत असेल आणि ऋतू पावसाळ्यानंतरचा असेल, तर सकाळी ओवळ्याच्या ओवळेकर वाडीतलं फुलपाखरू उद्यान बघा. फार लवकर जाऊ नका. फुलपाखरांना पंख तापल्याशिवाय उडता येत नाही, ऊन चढू द्यावं लागतं. आपल्या राज्याचं फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं, तळहाताएवढं. २०१५ साली त्याला तो मान मिळाला, आणि असा मान देणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर ऐरोलीची रोहित पक्ष्यांची बोटफेरी आहे. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून वेळ रोज बदलते आणि आगाऊ बुकिंग लागतं. ठाणे खाडीच्या या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालाय. चढउताराचं काही नाही, त्यामुळे गुडघेवाल्यांना उत्तम. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा, १७३७ च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतलेला. जाऊ शकता, पण गायमुखच्या घाटात कोंडी असेल तर त्या दिवशी नाद सोडा.

मिसळ आवडणाऱ्यांनी मामलेदारला जावं. तिखट सोसत नसेल तर आधीच "मीडियम" सांगा, आणि मीडियमही तिखटच असते हे लक्षात ठेवा.

आत जाणाऱ्यांबरोबर करार

बरोबरची मंडळी पार्कात जाणार असतील तर सकाळीच तीन गोष्टी ठरवा. मोबाईल लॉकरमध्ये जातात, दिवसभर फोन लागत नाही, म्हणून भेटायची वेळ आणि जागा आधीच ठरलेली हवी. बऱ्याच ठिकाणी एकदा बाहेर आलं की त्याच तिकिटावर परत आत सोडत नाहीत, आणि बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. तेव्हा "दुपारी डबा घेऊन येते" असलं प्रेम दाखवू नका. तिसरी गोष्ट खोलीच्या किल्लीची. दोन कार्डं मागून घ्या, एक त्यांच्याकडे. नाहीतर पाच भिजलेली माणसं रिसेप्शनच्या सोफ्यावर आणि तुम्ही नाटकाच्या पहिल्या अंकात.

आणखी एक, हे मी अनुभवाने सांगते. ते परत आल्यावर पहिली वीस मिनिटं आपला दिवस किती छान गेला ते सांगू नका. आधी त्यांना खाऊ द्या.

बॅगेत काय

पत्ते, गोळ्या, सुती चादर, पाण्याची बाटली, एक दोरी. दोरी ओल्या कपड्यांसाठी. ती बाथरूममध्ये बांधा, गॅलरीत नको. माकडांना कपड्यांतही रस असतो.

निघताना

चेकआउट बहुतेक ठिकाणी अकरा-बाराला असतो. सामान बांधून रिसेप्शनला ठेवायचं आणि तलावाचा शेवटचा तास घ्यायचा. ओला पोशाख ठेवायला एक वेगळी पिशवी वर काढून ठेवा. बिलात पार्कचं तिकीट, खोलीतल्या फ्रिजमधलं पाणी आणि सेवाशुल्क तपासा. सेवाशुल्क ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगा. आमच्या बिलात एकदा "दोन प्रवेश, ज्येष्ठ नागरिक" अशी ओळ निघाली. दोघींपैकी एक शहात्तरची, दुसरी मी एक्कावन्नची. तिकिटाचे पैसे त्यांनी लगेच वजा केले. मला ज्येष्ठ धरलं त्याबद्दल मात्र कोणी काही बोललं नाही, आणि सासूबाई रिक्षात बसेपर्यंत हसत होत्या.